शनिवारी पगार, गुरुवारी उधारी: पाच जणांचा आठवडा दीड हजारात

ताई, तुमची अडचण आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. घर इंदुरात नंदानगरला, माणसं पाच: तुम्ही, यजमान, सासूबाई, बारा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. यजमानांचा कारखाना सांवेर रोडला, पगार दर शनिवारी. किराणा, दूध आणि भाजी मिळून आठवड्याला दीड हजार. गॅस आणि साबण-सोडा वेगळा. शनिवारी डबे भरतात आणि गुरुवारी कोपऱ्यावरच्या दुकानात वही उघडावी लागते. त्यात मुलीचं हिमोग्लोबिन कमी निघालंय. अंडी घरात चालतात. आता आणखी काय कमी करायचं, असं तुम्ही विचारता.

मी इंदुरात विद्यार्थ्यांचे डबे करते आणि आमच्या बचत गटातल्या बायकांच्या किराण्याच्या चिठ्ठ्या बघून देते. तुमची चिठ्ठी दोनदा वाचली. मोठी उधळपट्टी कुठेच नाही. पण तूरडाळ अर्धा किलो, साखर अर्धा किलो, तयार आट्याचं 5 किलोचं पाकीट, तेलाचं पाऊच, चहाची छोटी पुडी, शेंगदाणे पाव किलो, असं सगळं दर शनिवारी. म्हणजे प्रत्येक जिन्नस तुम्ही त्याच्या सगळ्यात महाग भावाने घेताय. पगार आठवड्याचा आहे म्हणून खरेदीही आठवड्याची झाली, आणि खरी गळती तिथेच आहे. ताटातलं काही काढायच्या आधी ही खरेदी मोडून परत बसवू.

आधी घराला लागतं किती ते बघू. भाव मी ठोकळ धरते. तुमच्या गल्लीत दोन-चार रुपये इकडेतिकडे होतील, तेव्हा तुमचे आकडे घालून परत करून बघा. पाच जणांना आठवड्याला गहू 7 किलो, 32च्या भावाने दळणासकट साधारण 245. तांदूळ आणि पोहे मिळून दीड किलो, 70. सगळ्या डाळी-कडधान्यं मिळून 2 किलो, 210. तेल 600 मिली, 90. दूध रोज अर्धा लिटर, 210. साखर-गूळ पाऊण किलो, 35. भाजी, कांदे-बटाटे धरून 7 किलो, 245. शेंगदाणे पाव किलो, 33. सोयाबडी 200 ग्रॅम, 26. अंडी 6, 45. चहा, मीठ, मसाला, 100. बेरीज 1300च्या आसपास येते. म्हणजे फळांना 90 ठेवूनही शंभरेक रुपये हातात राहतात. दीड हजारात हे घर चालतं, ऐसपैस नाही, पण उपाशी नाही.

मग गुरुवारी पैसे का संपतात? कारण हे भाव पाव-पाव किलोच्या खरेदीत मिळत नाहीत.

आता उपाय. दूध, भाजी, फळं आणि अंडी हे रोजचं. त्याचे आठवड्याला सुमारे 590 होतात. ते शनिवारीच वेगळ्या डब्यात ठेवायचे आणि त्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही. उरले 910. त्यांचं सगळं थोडंथोडं आणायचं नाही, पाळी लावायची. पहिल्या शनिवारी फक्त गहू, 30 किलो, 960 रुपये. पन्नास रुपये वर जातील, ते चौथ्या आठवड्यात भरून निघतात. दुसऱ्या शनिवारी महिन्याच्या डाळी, 8 किलो, साधारण 840. तिसऱ्याला तेल अडीच लिटर, तांदूळ-पोहे 6 किलो आणि साखर 3 किलो, 780च्या आसपास. चौथ्याला चहा-मसाला, शेंगदाणे, सोयाबडी, मीठ; 635. त्या आठवड्यात पावणेतीनशे उरतात. वरचे पन्नास आणि महिन्याचं दळण त्यातूनच.

तुम्ही म्हणाल, पहिल्या शनिवारी नुसता गहू आणला तर डाळ कुठून खायची? बरोबर आहे. एकदम पाळी लावायला गेलेल्या बायका दुसऱ्याच आठवड्यात वहीकडे परत जातात, हे मी पुष्कळदा बघितलंय. म्हणून सुरुवात अशी करा: पहिल्या शनिवारी नेहमीसारखंच सगळं आणा, फक्त एक जिन्नस दुप्पट आणा, आणि तो गहू असू द्या. पुढच्या शनिवारी गहू घ्यायचा नाही, त्याचे पैसे डाळीत घालायचे, म्हणजे डाळ दुप्पट होते. मग तेल. असं सरकत सरकत दीड-दोन महिन्यांत पाळी बसते. या काळात पाहुणे आले, कोणी आजारी पडलं तर एक आठवडा मागे जाल. जाऊ द्या, पुढच्या शनिवारी तिथूनच पुढे.

आट्याचं पाकीट मात्र आजच बंद करा. लोकवन गहू घ्या, शरबतीच्या नादी लागू नका. शरबतीची पोळी मऊ होते, चवही आहे, पण किलोमागे जादा पैसे मोजायचे दिवस हे नाहीत. दळून आणलं की कोंडा चाळून टाकायचा नाही. फार जाड वाटला तर चक्कीवाल्याला बारीक दळायला सांगा. बेसनही विकत घेऊ नका, चणाडाळ दळून आणा. एप्रिलमध्ये नवा गहू येतो तेव्हा तो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कोरडा असतो. तुमच्या गल्लीत भिशी चालत असेल तर आपला नंबर एप्रिलला लावून घ्या. त्या पैशात एक क्विंटल घ्या, दोन कडक उन्हं दाखवा, हाताला एरंडेल लावून दाणे चोळा आणि कोठीत भरा. निम्मा पावसाळा निघतो.

आता कुठे जायचं. डाळ, साखर, पोहे, चहा यांसाठी सियागंज. घाऊक पेठ आहे, पण किरकोळीला 2-5 किलो देणारी दुकानंही तिथे आहेत, आणि नंदानगरहून फार लांब नाही. खडा मसाला आणि मिरची मारोठिया बाजारात. चोइथराम मंडीचं नाव सगळे काढतात, भाजी तिथे स्वस्त असतेच. पण तुमच्या घरापासून ती शहराच्या दुसऱ्या टोकाला. रिक्षाला जाताना-येताना पैसे मोजून 7 किलो भाजी आणली तर वाचलेलं सगळं रिक्षावाल्याच्या खिशात. चार जणी मिळून जाणार असाल तरच जा, आणि 5 किलोची धडी घेऊन वाटून घ्या. एरवी मालवा मिल किंवा पाटनीपुऱ्याच्या बाजारात संध्याकाळी उशिरा, ठेले आवरायच्या वेळी. पालक-मेथीच्या जुड्या त्या वेळी पडत्या भावाने जातात. फक्त पालेभाजी त्याच रात्री निवडून ठेवायची, नाहीतर सकाळी निम्मी फेकून स्वस्ताई तिथेच संपते.

तेल घेताना एक बघा. सगळी पाऊच दिसायला सारखीच, पण कुणात 1 लिटर असतं, कुणात 850 ग्रॅम, कुणात आणखी कमी. 1 लिटर सोयाबीन तेल वजनाला सुमारे 910 ग्रॅम भरतं. पाकिटावर किलोमागचा किंवा लिटरमागचा भाव आता छापावा लागतो, बारीक अक्षरात असतो. तोच वाचायचा, वरची मोठी किंमत नाही. मापही ठरवून घ्या: माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे तुमचे अडीच. तळण करायचं तर त्यातच. अडीच लिटरची बरणी वेगळी ठेवली की 20 तारखेला कळतं आपण कुठे आहोत.

आता ताटाकडे येते, कारण स्वस्तात पोट भरणं आणि स्वस्तात पोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मापाने मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमच्या पाच जणांची बेरीज 190 ग्रॅमच्या आसपास जाते. आकडा ऐकून घाबरू नका. घरात रोज 1 किलो गव्हाच्या पोळ्या होतात, त्यातच शंभर-सव्वाशे ग्रॅम येतात. पाव किलो डाळीत पन्नासच्या वर, अर्ध्या लिटर दुधात 16. पण गव्हाच्या प्रथिनात जे कमी पडतं ते डाळ भरून काढते, म्हणून पोळीबरोबर डाळ पाहिजेच. नुसत्या बटाट्याच्या रश्शाबरोबर खाल्लेल्या पोळीचं चीज होत नाही. तंगी आली की बायका पहिल्यांदा डाळ पातळ करतात. तुमच्याही चिठ्ठीत तेच दिसलं: आठवड्याला सगळी मिळून 1 किलो डाळ, आणि बिस्किटं-शेव-फरसाण मिळून 200 रुपयांचं. हे उलटं करा.

तूरडाळीचा हट्टही थोडा सोडा. आपल्या घरांत वरण म्हणजे तुरीचंच, हे मला माहीत आहे, सासूबाई नाक मुरडतील हेही माहीत आहे. पण चणाडाळ आणि मसूर बहुतेक वेळा तुरीपेक्षा स्वस्त असतात आणि प्रथिनं कमी नाहीत. आठवड्यात तीन दिवस तूर, बाकीचे दिवस मसुराची आमटी, चणाडाळ घालून दुधी, हिरव्या मुगाची उसळ, पिठलं, कढी-खिचडी. चकोल्या कराल तेव्हा तर डाळ-पोळी एकाच पातेल्यात होते आणि गॅसही वाचतो. सासूबाईंना दातांमुळे त्या सोप्या जातील.

सोयाबडीला लोक हसतात. पण मालव्यात आपण सोयाबीनच्या राशीवर बसलोय. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था इथेच खंडवा रोडला आहे. वाळक्या 100 ग्रॅम बडीत सुमारे 50 ग्रॅम प्रथिनं, किंमत 13-14 रुपये. तेवढ्याच पनीरला तिप्पट पैसे आणि प्रथिनं 18-20 ग्रॅम. मुलांना आवडत नाही याचं कारण ती नीट धुतलेली नसते. गरम पाण्यात मीठ घालून दहा मिनिटं, मग थंड पाण्यात दोनदा पिळून काढायची. तो उग्र वास पाण्याबरोबर जातो. मग मिक्सरमधून एकदा फिरवून कांदा-टोमॅटोवर परता, खिम्यासारखी लागते. पोळीत गुंडाळून मुलाच्या डब्याला द्या. कोणी सांगेल की गव्हातच सोयाबीन टाकून दळा. टाका, पण कच्चं नको. उकळत्या पाण्यात 20-25 मिनिटं ठेवून, वाळवून मगच, 9 किलो गव्हाला 1 किलो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा एक घटक असतो, तो उष्णतेने जातो.

मुलीचं आता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या चालू ठेवा. जेवणाने रक्त भरायला वेळ लागतो. सरकारी शाळेत असेल तर लोहाची निळी गोळी आठवड्याला मिळते, ती मुलगी घेते का, की दप्तरात पडून असते, ते बघा. पोट दुखतं म्हणून बऱ्याच मुली टाळतात. जेवणानंतर घेतली की त्रास कमी होतो. ताटात रोज काहीतरी लोहाचं: हरभरे, मसूर, पालेभाजी, मुळ्याचा पाला, अळिवाची खीर, थंडीत बाजरीची भाकरी. आणि वर लिंबू पिळायचंच. धान्य-भाजीतलं लोह एरवी अंगी फार लागत नाही, लिंबा-आवळ्याच्या आंबटाने लागतं. जेवणाबरोबर चहा मात्र बंद. तुमच्या घरी संध्याकाळचा चहा-पोळी हा नाश्ता आहे, असं तुम्ही लिहिलंय. मुलीला त्या वेळी चहाऐवजी मूठभर फुटाणे-गूळ किंवा शेंगदाण्याचा लाडू. 6 अंड्यांपैकी तिला तीन, मुलाला तीन. आणि तुम्ही स्वतः सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवता, हे तुम्ही लिहिलं नाही तरी मला कळतं. तुमचीही तपासणी करून घ्या.

भाजीत ऋतू सांभाळला तर निम्मं काम होतं. थंडीत इंदुरात मटार, मेथी, पालक, गाजर, फ्लॉवर स्वस्त. तेव्हा पोटभर खा. फ्लॉवरचे कोवळे दांडे, मुळ्याचा पाला, दुधीची सालं यांच्या भाज्या-चटण्या होतात, फेकू नका. मे-जून आणि ऐन पावसाळ्यात भाजी कडाडते, तेव्हा 7 किलोचा हट्ट धरायचा नाही. मटकी-मूग भिजत घाला, पिठलं करा, कांद्याचा झुणका करा. हरभऱ्याची कोवळी भाजी थंडीत सावलीत वाळवून ठेवली असेल तर पावसाळ्यात ताकातली पातळभाजी होते. आमच्या गटातल्या जुन्या मिल कामगारांच्या घरच्या बायका हे सगळं करतात. हुकुमचंद मिल 1991च्या डिसेंबरात बंद पडली तेव्हा त्या नुकत्या संसाराला लागल्या होत्या. त्यांच्याएवढी तंगीतली हुशारी कुठल्या वर्गात शिकवत नाहीत.

शेव-फरसाणाचं बोलायचं राहिलं. इंदुरी माणसाला शेव बंद करा म्हणणं म्हणजे श्वास बंद करा म्हणणं, मी म्हणणार नाही. पण शेवेत एक तृतीयांशाहून जास्त तेलच असतं. ती पोह्यावर भुरभुरायची चीज आहे, वाटीत घेऊन खायची नाही. पाव किलो आठवड्याला, बस. रविवारी पोहे-जलेबी बाहेरून आणता, त्यात पाच जणांचे दीडशेच्या वर जातात. पोहे घरी वाफवा, बडीशेप घालून, वर जीरावन, म्हणजे आपला पोह्यांवरचा इंदुरी मसाला. अर्धा किलो पोह्यांत सगळे जेवतील इतके होतात आणि पन्नासच्या आत भागतं. जलेबी पाव किलो बाहेरून आणा, मुलांना तेवढाच रविवार. आणि उपास! साबूदाणा, शेंगदाणे, बटाटा, तूप: चतुर्थीचा एक उपास साध्या दोन जेवणांपेक्षा महाग पडतो. सासूबाईंचा मोडू नका, पण खिचडी त्यांच्यापुरतीच करा, सगळ्या घराला नको.

रेशनचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणून विचारते. पात्रता पर्ची, म्हणजे रेशनच्या धान्याला पात्र असल्याची चिठ्ठी, आहे का? जानेवारी 2023पासून पात्र कुटुंबांना माणशी महिन्याला 5 किलो धान्य फुकट आहे. पाच जणांचं 25 किलो होतं. त्यात जेवढा गहू येईल तेवढा वर लिहिलेला गव्हाचा शनिवार हलका. नसेल तर समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा नोंदणी क्रमांक) आणि सगळ्यांचे आधार घेऊन महापालिकेच्या झोन कार्यालयात विचारून या, आणि असेल तर घरातल्या प्रत्येकाचं ई-केवायसी झालंय ना तेही बघा. सासूबाईंचे अंगठ्याचे ठसे उमटत नाहीत म्हणून नाव अडकतं, असं पुष्कळ घरांत झालंय. मुलगा सरकारी शाळेत असेल तर दुपारचं जेवण तिथे मिळतं. मग त्याचा डबा बंद न करता हलका करा.

उधारीची वही एकदम बंद होणार नाही. आठवड्याला शंभर रुपये जुन्या बाकीत द्या, आणि नवीन काही लिहायचंच झालं तर फक्त दूध-डाळ. बिस्किटं, नमकीन, थंडा कधीही वहीवर नाही. मुलांना दुकानात पाठवताना हे दुकानदारालाच सांगून ठेवा. वही असली की माणूस भाव विचारत नाही, आणि दुकानदार ते ओळखून असतो. बाकी फिटेपर्यंत ते शंभर वर हिशेबात राहिलेल्या शंभरांतून जातील, म्हणून पहिले दीड-दोन महिने बाहेरची जलेबीही महिन्यातून एकदाच करा. त्या काळात महाग फळांऐवजी पेरू-आवळा जे स्वस्त असेल ते.

या शनिवारी एवढंच करा: 590 वेगळे काढा, गहू दुप्पट आणा, आट्याचं पाकीट आणि फरसाणातले 100 रुपये सोडून द्या, त्या पैशांची 1 किलो मसूर आणा. महिन्याने मला कळवा, तेल किती लागलं आणि गुरुवारी वही उघडली का. रेशनचं झालं तर गव्हाचे जे पैसे सुटतील ते कुठे घालायचे ते तेव्हा बघू. माझ्या मनात रोजचं दूध अर्ध्याचं पाऊण लिटर करायचं आहे, पण आधी पर्ची बघून या.